नजरेला इंग्रजी येत नाही

आमच्या पिंपळीच्या घरात आपल्या माणसाचं तोंडभर कौतुक करायचं नाही, हा कायदाच. आजोबांच्या वेळी मेंढरं होती. चांगलं कोकरू कुणाला दाखवतानाही 'बरं हाय' एवढंच म्हणायचं, नाहीतर नजर लागते. मेंढरं गेली, शेती आली, कायदा तेवढा राहिला. मी इंदापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हाही आबा, म्हणजे माझे वडील, 'बरं झालं' म्हणून मोकळे झाले. मला चांगलाच राग आला होता.

एका सुट्टीत ओसरीवर मुलांचे निबंध तपासत बसले होते. जे ते 'मार्व्हलस'. वडापाव मार्व्हलस, क्रिकेटची मॅच मार्व्हलस. मी वैतागून लाल रेघा मारत होते. आबांनी अर्थ विचारला.

"रोज बघायला मिळत नाही, बघून माणूस थक्क होतो, अशा गोष्टीला म्हणतात."

आबा म्हणाले, "इंग्रजीत म्हणलं तर नजर लागती व्हय?"

"छे! नजरेला कुठं इंग्रजी येतंय?"

झालं! त्या संध्याकाळी आईच्या भाकरीचा तुकडा मोडून आबा म्हणाले, "मार्वलस." मग तिच्या पिठल्याला, नव्या साडीला, उगाच समोरून गेली तरी. "काय वं म्हणताय ह्ये?" आई लटकं रागवायची. अर्थ सांगायची मला बंदी होती. पण तिला कळत होतं. पदराआड हसायची.

पुढच्या उन्हाळ्यात आईला कॅन्सर निघाला. बारामतीच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर बसून आबा मला म्हणाले, "नजरंला समद्या भाषा येत्यात, पोरी." मी चिडले, समजावलं, डॉक्टरांनाही बोलायला लावलं. पालथ्या घड्यावर पाणी. दिवाळीआधीच आई गेली. आपल्याच जिभेनं तिला नेलं, हे आबांच्या मनात बसलं ते बसलंच. आई गेल्याचं दुःख आहेच, पण त्यांचा हा समज मला जास्त जाळतो.

आता शनिवारी शाळा सुटली की मी पिंपळीला जाते, चूल पेटवते. परवा एक भाकरी टम्म फुगली, अगदी आईची वाटावी अशी. आबांनी तुकडा मोडून तोंडात घातला. त्यांचे डोळे भरून आले.

"आबा, म्हणा की आता. मार्व्हलस."

त्यांनी घाईघाईनं मान हलवली. "नगं पोरी. तू येकलीच तर ऱ्हायलीस."

मग ताटाकडं बघत म्हणाले, "बरी हाय."