मामाजींच्या मापाचा शब्द

आमच्या घरात इंग्रजी येणारा एकमेव माणूस मी आहे, आणि ही माहिती सगळ्यांना मीच दिलेली आहे.

(बारावीत इंग्रजीत दोनदा गचकलो, हे खरं. पण ते परीक्षेतलं इंग्रजी. ते कुणालाही येतं.) माझं इंग्रजी निराळं. गोंदियाच्या बाजारात रद्दीवाल्याकडे मला एक जाडजूड पुस्तक सापडलं होतं. खुद्द इंग्रजांनीच वापरायचे सोडून दिलेले शब्द आणि त्यांचे अर्थ! एवढाले शब्द असे वाऱ्यावर सोडलेले पाहून माझा जीव कळवळला. मग रोज संध्याकाळी फुलचूरच्या आमच्या ओसरीत बसून मी ते मोठ्यानं वाचायचो. आतून बायको म्हणायची, "वरणात मीठ हाय का नाही, तेवढं मराठीत सांगा."

अशात माझ्या पुतणीचं, प्रणालीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. प्रणाली नागझिऱ्याच्या जंगलात गाईड आहे. मुलगा सौंदडचा, नागझिऱ्यातच सफारीची जिप्सी चालवतो. दोघांनी एकमेकांना कधीच पसंत केलं होतं. आता फक्त नातेवाइकांनी एकमेकांना पसंत करायचं बाकी होतं, आणि खरी गोम तिथंच असते. प्रणालीच्या मोठ्या बहिणीची पहिली सोयरीक ऐन साक्षगंधात मानपानावरून मोडली होती. त्यामुळे माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, आठ दिवस आधीपासून घाबरलेला.

आमच्यात कार्यक्रम म्हटला की माइक येतो आणि माइक आला की दोन शब्द बोलणारा लागतो. दादा म्हणाला, "पाहुण्याईचा परिचय तू करून दे. पण पाह्य गा, मानात कोणी कमी पडला नाही पाह्यजे. पोरीच्या जिवाचा सवाल हाय."

"बेफिकीर राहा," मी म्हणालो.

आता शाली सगळ्यांना सारख्या आणायच्या होत्या. मग कोणाचा मान किती, हे दिसणार कसं? मी विचार केला, शब्दांतून दाखवू. जेवढा पाहुणा मोठा, तेवढा त्याच्या नावाआधी लांब इंग्रजी शब्द! पुस्तक उघडून मी वितीनं मोजून शब्द काढले. अर्थावरून वरवर नजर फिरवली. कपड्याचं माप घेताना कोणी कापसाची जात विचारतं का?

साक्षगंधाच्या दिवशी वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या आणि मी माइक घेतला. मुलाचे वडील, म्हणजे आमचे होऊ घातलेले इवाई, त्यांना 'परस्पिकेशियस' म्हणालो. टाळ्या! मुलाच्या आईला 'पल्क्रिट्युडिनस' म्हणालो. आणखी टाळ्या! मंडप नुसता डोलायला लागला. दादानं माझ्याकडे जन्मात पहिल्यांदा कौतुकानं पाहिलं.

मग मुलाचे मामा. त्यांच्यासाठी शब्द होता 'सेपियंट'. अर्थ ज्ञानी. अर्थ चांगला होता हो, पण शब्द आखूड! मामाजी शाल न घेताच उठले, खुर्ची उचलली आणि आमच्याकडे पाठ करून थेट रस्त्याच्या बाजूला जाऊन बसले.

इवाई धावले. "काऊन गा, का झालं?"

"तुमाले हातभर शब्द अन् मले बोटभर?" मामाजी म्हणाले. "मी मामा हाओ का वाटसरू? मी नाही येत. करा तुमचं साक्षगंध."

झालं. मुलाची आई म्हणाली, "माह्या भावाबिगर अंगठी घालणं नाही होणार." दादानं कपाळावर हात मारला. प्रणाली स्टेजवरून माझ्याकडे पाहून राहिली होती, आणि नागझिऱ्यातल्या अस्वलानंही वाट सोडावी अशी ती नजर होती.

मी मात्र पेटलो होतो. पुस्तकातला सर्वात लांब शब्द मला तोंडपाठ होता. खूप आधी केला होता पाठ, नुसत्या लांबीच्या प्रेमात पडून. मी माइक तोंडाशी धरला, छाती भरून घेतली आणि तीन दमांत म्हणालो, "आमचे फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन मामाजी!"

मंडपात टाळ्यांचा कडकडाट. मामाजींची खुर्ची हळूच वळली.

"अजून एकदा म्हणा बरं," ते म्हणाले.

मी म्हणालो. ते हसत हसत स्टेजकडे निघाले आणि मी घाम पुसला. तेवढ्यात मुलाची बहीण मयुरी मोबाइल हातात धरून उभी राहिली. (घराघरांत रेंज पोचवणाऱ्यांचं भलं होवो.)

"मामा, याचा अर्थ इथं लिवला हाय. एखाद्याले कवडीमोल समजणे."

मामाजी जागच्या जागी थांबले.

"अन् आईचा शब्द पाह्यला. त्याचा अर्थ, रूपानं लई सुंदर."

मुलाच्या आईनं पदर तोंडाशी नेला. इवायांनी भुवया चढवल्या. माझ्या बायकोच्या तर मला नुसत्या बांगड्याच ऐकू आल्या, वर पाहायची हिंमत झाली नाही. दादा खाली बसला.

प्रणालीचे डोळे भरले होते. पण पोरगी जंगलात वावरलेली. तिनं माझ्या हातातला माइक ओढून घेतला.

"मामाजी, काकाले अर्थाबिर्थाचं काही समजत नाही," ती म्हणाली. माझी जाहीर बेइज्जती चालली होती आणि मी जोरजोरानं मान डोलावत होतो. "ते फक्त लांबी पाहातेत. मांडवात सर्वात मोठं माणूस कोण, तर तुमी. म्हणून सर्वात लांब शब्द तुमाले."

मामाजींनी विचार केला. मग मला विचारलं, "याच्याहून लांब नाही ना कोणाले?"

"पुऱ्या पुस्तकात नाही."

"इवायच्याहून किती लांब?"

"दुप्पट तरी."

"मंग अर्थ गेला तेल लावत!" मामाजी म्हणाले आणि खांदा पुढे केला. "आणा शाल."

अंगठ्या झाल्या. प्रणाली हसली, तेव्हा कुठं मी खुर्चीला टेकलो. जेवताना मुलाच्या आईनं स्वतः येऊन माझ्या ताटात दोन वडे जास्तीचे वाढले. ते वडे मला पुढचा आठवडाभर घरी पचवावे लागले.

लग्नाची पत्रिका प्रणालीनं छापून आणली. प्रेषकांत माझ्या नावाआधी तिनं हौसेनं इंग्रजी शब्द घातला होता: 'अल्ट्राक्रेपिडेरियन'. मी वीत लावली. इवायांच्या शब्दाहून चांगला मोठा! मला भरून आलं. अख्ख्या फुलचूरमध्ये घरोघरी जाऊन मी ती पत्रिका मोठ्यानं वाचून दाखवली.

शेवटी बायको म्हणाली, "एकदा अर्थ तरी पाहा." पुस्तक उघडलं. अर्थ होता, ज्यातलं आपल्याला काही कळत नाही, त्यावर छातीठोकपणे बोलणारा माणूस.

आता दारावरच्या पाटीत माझ्या नावाआधी तोच शब्द आहे. पाटी थोडी मोठी करावी लागली.