एक ते चार मैदान बंद

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीमागे मुलांचं मैदान होतं, असं नकाशात दाखवलेलं होतं. प्रत्यक्षात तिथे गाजरगवत, कुणाच्या तरी जुन्या बाथरूमचा राडारोडा आणि झोक्याचा नुसता सांगाडा होता. तो झोका आमच्याच पिढीने मोडला. मग ती पिढी कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेली. माझा भाऊ त्यात पहिला. मी बँकेत लागले होते, म्हणून राहिले.

एकदा भावाचा ई-मेल आला, की डिसेंबरात दहा दिवस येतोय, पाच वर्षांच्या मुलीला घेऊन. वडिलांनी ही नात फोटोतच पाहिली होती. मी सायबर कॅफेतून आणलेला तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मैदान दुरुस्त करायला हवं."

जिन्यात नोटीस लागली : रविवारी सकाळी सातला श्रमदान. चहा मिळेल, एकदाच. तरीही वीसेक माणसं आली. दोन रविवार गवत उपटण्यात गेले. तिसऱ्या रविवारी राडारोडा कुणाचा यावर कडाक्याचं भांडण झालं आणि सोमवारी ज्याचा होता त्याने तो मुकाट्याने उचलला. वेल्डरने नवा झोका बसवला. वडील कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांनी आधी त्यावर तांदळाचं पोतं बसवून पाहिलं.

तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंची खिडकी मैदानावर उघडायची. त्यांनी वडिलांकडे लेखी अर्ज दिला : दुपारी एक ते चार शांतता हवी. कारण लिहिलं नव्हतं. पुण्यात दुपारी शांतता का हवी, हे कुणी विचारत नाही. वडिलांना अर्ज एकदम पटला. त्यांनी मैदानाच्या फाटकाला कुलूप आणलं आणि स्वतः पाटी रंगवली : 'दुपारी १ ते ४ मैदान बंद. अपवाद नाही.' दुसरं वाक्य काकूंनी मागितलेलं नव्हतं.

नात आली. अमेरिकेच्या वेळेच्या सवयीने सकाळी ती गाढ झोपलेली असे आणि चारनंतर भाऊ-वहिनी तिला घेऊन नातेवाइकांकडे जात. मोकळी असायची ती एक ते चार. रोज एकला वडील तिला फाटकापर्यंत नेत, झोका दाखवत आणि परत आणत.

"बाबा, किल्ली तुमच्याच खिशात आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच," ते म्हणाले.

मला इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मुंबई विमानतळाची गाडी निघणार होती. दुपारी पाटीखाली कागद चिकटवलेला दिसला : 'झोक्याची तांत्रिक चाचणी. वेळ दीड. भार अठरा किलो.' वडिलांनी कुलूप काढलं आणि अठरा किलो झोक्यावर बसवले.

पहिल्याच झोक्याला कड्या जोरात कुरकुरल्या. काकूंची खिडकी उघडली.

"चाचणी चालू आहे," वडील ताठ उभं राहून म्हणाले.

काकू आत गेल्या आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन थेट मैदानात आल्या. "हे कड्यांना घाला. आणि झोके जरा जोरात द्या, मूल बसलंय, पोतं नाही."

नात खिदळत होती. वडील एका हाताने झोका देत होते, दुसऱ्याने डोळे पुसत होते. चाचणी चारपर्यंत चालली.

गाडी गेल्यावर वडील माफी मागायला काकूंकडे गेले. मीही गेले.

"तुमची झोपमोड झाली," ते म्हणाले.

"मी दुपारी झोपत नाही," काकू म्हणाल्या. "मुलाचा फोन यायचा अमेरिकेहून, त्याच वेळेला. आवाज फार बारीक यायचा, गलका असला की ऐकू येत नसे."

"मग आज आला असेल तर?"

"गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून नाही आलेला."

दुसऱ्या दिवशी एक वाजता वडिलांनी फाटकाचं कुलूप काढलं आणि घरी आणून कपाटात ठेवून दिलं.