टेकचा तक्ता

आमचे हे इंग्रजीचे मास्तर. सोलापुरातल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत शिकवणी चालायची. 'टेक' या क्रियापदाबरोबर कुठले शब्द येतात त्याचा तक्ता त्यांनी पुठ्ठ्यावर लिहिला होता. पोरांकडून तो पाढ्यासारखा म्हणून घ्यायचे. हे म्हणायचे, "टेक अ", पोरं ओरडायची, "सीट!" मग ब्रेक, बाथ, फोटो, चान्स. मी आत भाकरी थापत ऐकायची. वीस वर्षांत मलाही पाठ झाला. एकदा आतूनच "बाथ!" म्हणून ओरडले, तर हे पोरांदेखत म्हणाले, "वा! आता भाकरी इंग्रजीत थापा." लई राग आला. दोन दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. पाणी म्हणता येईना, माझं नाव घेता येईना. नुसते बघत राहायचे. एक दिवस मीच वैतागून म्हटलं, "टेक अ..."

"सीट," हे म्हणाले. अगदी स्पष्ट!

अगं बाई! पिठाच्या हातानं मी तोंड दाबून रडले. डॉक्टर म्हणाले, पाठ केलेलं कधी कधी शिल्लक राहतं.

पुढं पुढं ते आपणहून 'टेक' म्हणायला लागले. तहान लागली, टेक. कूस बदलायची, टेक. मी धावत जायची आणि विचारायची, पाणी? उशी? पंखा? बरोबर आलं की मान हलवायचे. पण माझी हाव सुटेना. एकदा तरी माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं मला. रोज समोर बसून म्हणवून घ्यायची. बिचारे घामाघूम व्हायचे आणि शेवटी म्हणायचे, "टेक."

त्या दिवशी तव्यावर भाकरी होती. बाहेरून हाक आली, "टेक... टेक..."

"थांबा की जरा!" मी आतूनच ओरडले. "जन्मभर ते मेलं टेकच का? नाव घ्या माझं, मग येते!"

भाकरी उलटली. आणखी एक थापली. बाहेर शांत झालं तेव्हा मला बरंच वाटलं. ताट घेऊन गेले, तर मान कलंडलेली. हाक मारली, हलवलं. सगळं संपलं होतं.

त्यांना काय हवं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी गेले असते तर माझं काय बिघडलं असतं?

तक्ता अजून भिंतीवर आहे. भाकरी थापताना माझा हात मधेच थांबतो. अहो, टेक म्हणा. नाव नको मला.