झाकणाचा स्विच

दुपारचं जेवण झालंय, वर पेलाभर ताक पोटात गेलंय, आणि विद्याधर कोटणीस टेबलापाशी खुर्चीतच पेंगतायत. समोर त्यांचा नवा छंद पसरलाय: एक जुना पीएलसी, म्हणजे यंत्राने कधी चालायचं नि कधी थांबायचं हे ठरवणारा हातभर डबा, शेजारी प्लास्टिकचं खोकं, खोक्यात छोटा पंखा, झाकणाला स्विच, आणि लाल वायरीचे तुकडे. झाकण उघडलं की पंखा थांबला पाहिजे, एवढंच जमवायचंय. तीन आठवडे झाले, ते काही जमत नाही. साठी उलटल्यावर या माणसाला हे काय सुचलं, असं बायकोला, नलिनीबाईंना वाटतं. कोटणीस सांगतात, डोकं गंजू नये म्हणून. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही.

"काय साहेब, जमंना व्हय?"

समोरच्या खुर्चीत बबन खरमाटे बसलाय. कोटणीस मॅनेजर होते त्या कुपवाडच्या बिस्किट कारखान्यातला इलेक्ट्रिशियन. पॅकिंगच्या यंत्रात उजवा हात सापडून तो मेला, त्याला चार वर्षं झाली. कोटणीस आधी त्याचा उजवा हात बघतात. हात धडधाकट आहे. त्यामुळे तर त्यांचा संशय जास्तच वाढतो. दूधवाल्याने माप भरून दिलं तरी पाणी किती घातलं असेल याचा विचार करणारा हा माणूस. मेलेला माणूस उगाच चौकशीला येईल, हे त्यांना कसं पटावं?

"कशाला आलायस?"

"तुमी उलटं जोडलंय. झाकण लावल्यावर करंट आला पायजे. मग वायर तुटली तरी मशीन थांबतंय."

कोटणीस बघतात. खरंच उलटं आहे. ते जोडणी बदलतात, डब्यातल्या प्रोग्रॅममध्येही तसा बदल करतात. झाकण लावलं की पंखा फिरतो, उचललं की थांबतो.

"आता झाकण उचला आन् आत हात घालून बघा."

कोटणीस हात टेबलाखाली ओढून घेतात. "तू घाल."

"म्या घातला की एकदा," खरमाटे म्हणतो.

टेबल लांबत चाललंय. त्यावरून बिस्किटं ओळीने पुढे सरकतायत, व्हॅनिलाचा वास सुटलाय, आणि खोकं माणसाच्या उंचीचं झालंय. झाकणाच्या जागी यंत्राचं दार आहे. स्वयंपाकघरात नलिनीबाई भांडी लावतायत, तो आवाज अजून येतोय, पण कारखान्याच्या भिंतीपलीकडून.

आता विचारायलाच हवं, असं कोटणिसांना वाटतं. खरमाटेने स्वतःच्या मर्जीने दाराच्या स्विचला बाहेरून वायर जोडली, त्यामुळे दार उघडं असूनही यंत्राला ते बंद वाटलं आणि ते चालू झालं, असा अहवाल त्यांनी सही करून दिला होता. खरमाटेच्या बायकोलाही त्यांनी तोंडावर तेच सांगितलं होतं, की तुमच्या माणसाचीच चूक. ते खरं होतं का, हे कळावं म्हणून तर हा सगळा पसारा.

"वायर तूच लावलीस ना?"

"मीच लावली."

कोटणिसांना हायसं वाटतं. पण घटकाभरच. हा इतक्या सहज कबूल का करतोय? याच्या मनात काहीतरी आहे.

यंत्राशेजारचा फोन वाजतो. खरमाटे जागचा हलत नाही.

"तुमचाच हाय. घ्या."

कोटणीस रिसीव्हर कानाला लावतात. पलीकडून त्यांचाच आवाज येतो. "दार नंतर दुरुस्त करा. गाडी भरायची थांबलीय. लाइन पाच मिनिटांत चालू पाहिजे, काय करायचं ते करा."

असा फोन केल्याचं आठवत नाही, असं त्यांनी चौकशीत सांगितलं होतं. पुढे पुढे त्यांना खरोखरच आठवेनासं झालं होतं.

खरमाटे लाल वायरचा तुकडा पुढे करतो. "लावा."

"मी नाही लावणार."

"मीबी न्हाईच म्हणलो हुतो."

फोनमधला आवाज चढतो. अजून का नाही झालं? इलेक्ट्रिशियन आहेस की कोण आहेस? हा सापळा आहे, हे कोटणिसांना स्पष्ट दिसतंय, तरी त्यांचा हात पुढे होतो. वायरची टोकं सोलायला ते पक्कड शोधू लागतात.

"येळ कुठाय?" खरमाटे म्हणतो. "म्या दातानंच सोलली हुती."

आवाज थांबत नाही. कोटणीस वायर तोंडात धरतात, चावतात, आणि जोरात ओढतात.

त्यांना जाग येते. टेबल जेवढं होतं तेवढंच आहे. समोरची खुर्ची रिकामी आहे. नलिनीबाई चहा घेऊन उभ्या आहेत.

"अहो, काय चघळताय?"

कोटणिसांच्या जिभेला काहीतरी टोचतंय. ते तळहातावर थुंकतात. प्लास्टिकचा तुकडा आहे, नखाएवढा, लाल. त्यांना इतकी लाज वाटते की मान वर होत नाही.

ते तळहात बायकोपुढे धरतात.

"खरमाटे नाही म्हणत होता," ते म्हणतात. "मीच लावायला लावली."