चिठ्ठीत निघालेलं औषध

देवीवर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण तो जरा दांडगाईचाच होता. अंबडला मत्स्योदरीच्या पायऱ्या चढायचे, ते काय मागायचं हे घरूनच पक्कं करून. मिळालं तर खणानारळाने ओटी भरायची, नाही मिळालं तर रुसून बसायचं. माझा पहिला मुलगा डब्यानं गेला, तेव्हा तर मी तिच्याशी बोलणंच टाकलं. लहान लेकराची छाती भरते, धाप लागते, श्वासासरशी पोट उडायला लागतं, त्याला आमच्याकडे डबा म्हणतात. निजामाचं राज्य होतं, तिकडे दूर कुठे मोठी लढाई चालली होती, आणि आमच्या मंठ्याच्या आसपास डब्यानं लेकरू नेलं नाही असं घर सापडणं कठीण होतं. उपाय एकच, बिब्बा तापवून पोटावर डाग द्यायचे. माझ्या मुलालाही दिले होते. त्याचं ते रडणं मी अजून विसरलेले नाही.

मग गोदी झाली, आणि नीट चालायला लागते न लागते तोच तिचंही पोट उडायला लागलं. सासूबाई बिब्बा शोधायला उठल्या. मी गोदीला पोटाशी धरून दारात उभी राहिले आणि म्हणाले, हिला कुणी हात लावायचा नाही, हिला जालन्याला न्यायचं. यांनी एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बैलगाडी जुंपली. वाटभर मी मनातल्या मनात देवीला सुनावत होते. एक नेलंस, आता हिच्यावरही डोळा आहे का तुझा? गोदीचे ओठ सुकले होते आणि प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. ही वाचली नाही तर मी पुन्हा देवीचं तोंड पाहणार नाही, असं मी ठरवून टाकलं.

जालन्याच्या दवाखान्यात नगरकडच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. किरकोळ अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. हैदराबादेहून त्यांच्याकडे नवी गोळी थोडीशी आली होती. त्यांनी आम्हा आयांना व्हरांड्यात बसवलं आणि सगळं उघड उघड सांगितलं. या गोळीनं मोठ्या माणसांना गुण येतो, पण इतक्या लहान लेकरांना ती सोसेल का, जुन्या औषधापेक्षा ती बरी आहे का, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. म्हणून ज्यांची कबुली असेल त्यांच्या लेकरासाठी चिठ्ठी काढायची. गोळी निघाली तर गोळी, नाहीतर नेहमीचं औषध, वाफ आणि जवसाचं पोटीस. बाकी देखभाल सगळ्यांची सारखी. कबुली नसेल तिनं बिनदिक्कत तसं सांगावं, तिच्या लेकराला जुनं औषध मिळेलच. मी फटकन विचारलं, चिठ्ठ्या कशाला, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच ठरवा की. बाई म्हणाल्या, मी ठरवायला बसले तर जे लेकरू तगेलसं वाटतं त्यालाच नकळत गोळी देईन, आणि मग गोळीचा गुण खरा की नाही ते कधीच कळणार नाही.

माझ्या शेजारी वाटूरची सरूबाई बसली होती. तिचा धोंडू गोदीच्याच वयाचा, तसाच धापा टाकत होता. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, म्हंजे बाईनं कौलच लावला म्हणा की. मला तिचा रागच आला. देवीच्या अंगावर फूल चिकटवून ते उजवीकडून पडतं की डावीकडून, यावर कौल घेणारी मीही होतेच. पण फूल मला हवं तसं पडेपर्यंत मी ते पुन्हा पुन्हा चिकटवायचे. इथं तशी सोय दिसत नव्हती.

कबुली दिली आणि गोदीच्या नावानं गोळी निघाली. धोंडूच्या नावानं जुनं औषध. झालं, माझं अवसान गळालं. खाटांमधून कुजबुज चालली होती की गोळीनं लेकरं निळी पडतात, गरिबांच्या लेकरांवर करून बघतात. मी पदर तोंडात कोंबून रडायला लागले. तेव्हा त्या सरूबाईनं, जिची माझी ओळख सकाळची, माझा हात धरला. जिची लेकरं जगत नाहीत तिनं आपलं मूल दुसरीच्या ओटीत टाकायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. मूल दुसरीचं झालं की लेकरं नेणाऱ्या सटवीला त्याचा पत्ता लागत नाही म्हणतात. सरूबाई म्हणाली, "तुझी लेक माझ्या ओटीत टाक, माझा धोंड्या तू घे. गोळी तो खाईल. माझी दोन गेल्याली हायेत, मला भ्यायची सवय झाली."

आणि आम्ही तसं केलं. गोदी तिच्या खाटेवर, धोंडू माझ्या. दोघांची डोकी सारख्याच कुंच्यांत गुंडाळलेली.

संध्याकाळी बाई स्वतः गोळी कुटून दुधात कालवून घेऊन आल्या. द्यायच्या आधी त्यांनी माझ्याजवळच्या लेकराच्या छातीला नळी लावली आणि थांबल्या. सकाळी तपासताना गोदीची छाती उजवीकडून भरलेली निघाली होती, आणि इथं डावी भरलेली लागली, धोंडूची. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सरूबाईकडे. आता चांगली खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्या आमच्या दोघींच्या मधे जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, "कोणतं औषध चांगलं हे मला ठाऊक असतं तर चिठ्ठ्या काढल्याच नसत्या, सगळ्यांना तेच दिलं असतं. गोळी नको असेल तर नको म्हणा, मी रागावणार नाही. पण लेकरं बदलू नका. मला गोळीबद्दल खोटंच कळेल, आणि पुढं येणाऱ्या लेकरांना मी चुकीचंच औषध देत राहीन."

एवढ्या शिकलेल्या बाईनं आम्हा अडाण्यांपुढे जमिनीवर बसून मला ठाऊक नाही म्हणावं, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या वैद्याला, भगताला, सासूबाईंना, सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं. आणि मला तर देवीपेक्षाही जास्त ठाऊक असायचं. त्या घटकेला माझ्या आतलं काहीतरी सैल पडलं. भीती होती तिथेच होती, पण तिच्याशी झोंबणं थांबलं. वाटेत जिला सुनावत आले होते तीच समोर येऊन बसली आहे, असं मला वाटलं. याला कुणी काय म्हणायचं ते म्हणावं. मी गोदीला परत मांडीवर घेतलं आणि म्हणाले, द्या गोळी. सरूबाईलाही बाईंनी विचारलं. ती म्हणाली, माझं निघालंय ते बराबर हाय.

गोळीनं गोदीला उलट्या झाल्या, ओठ निळसर पडले. बाई दर थोड्या वेळानं येऊन तिची नाडी बघत, आणि मी नुसती बसून राहिले. काही मागितलं नाही. मग एका सकाळी तिचं अंग घामानं भिजलं, पोट उडायचं थांबलं, आणि तिनं भाकरीसाठी असं भोकाड पसरलं की बाहेर लिंबाखाली बसलेले हे धावत आत आले.

धोंडूचं मात्र खालावत गेलं. ते दिसताच बाईंनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि त्यालाही गोळी सुरू केली, पण उशीर झाला होता. भर दुपारी त्यानं आईच्या मांडीवर जीव सोडला. माझी मान वर होईना. सरूबाईनंच हात पुढे केले, गोदीला घेतलं, आणि तिच्या केसांत तोंड घालून कितीतरी वेळ रडली. नंतर बाहेर आले तर औषधांच्या खोलीत बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या दिसल्या. त्याही रडत होत्या.

त्यानंतर सरूबाई माझी बहीणच झाली. मंठ्याहून जालन्याला जाताना वाटूर लागतंच, येता-जाता मी तिच्याकडे उतरायचे. पुढे तिला मुलगी झाली. एकदा अशीच मी गेले, तर त्या मुलीचं पोट उडत होतं. दोघींनी तिला उचललं आणि तडक दवाखाना गाठला.

बाईंनी सरूबाईला लगेच ओळखलं. गोळ्यांची बाटली त्यांच्या हातात होती, पण हात पुढे होईना. म्हणाल्या, आता चिठ्ठी काढत नाही, कितीतरी लेकरांना देऊन गोळी लागू पडते हे कळलं आहे, सगळ्यांनाच देतो. "तेव्हा ठाऊक असतं तर..." एवढंच बोलल्या.

सरूबाई म्हणाली, "तवा तुम्हाला ठाऊक नव्हतं, आन तुम्ही तसंच सांगितलं होतं. माझ्या धोंड्यापायी कळलं ना? मंग द्या जल्दी, हिला धाप लागून राह्यली."

मुलगी वाचली. डॉक्टरीणबाई आणि सरूबाई, या दोघींपैकी जास्त मोठ्या मनाची कोण, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही, आणि ठरवायची माझी जुनी खोड आता बरीच मोडली आहे. देवापुढे झोकून देणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मी समजत होते. करायचं तेवढं सगळं करून, न कळणारं न कळणारं म्हणून सांभाळायचं, हे मला त्या व्हरांड्यात कळलं. माझी लेक आज माझ्यासमोर आहे ही देवीची कृपा. पण कुणाचं लेकरू डब्यातून उठलं असं कानावर आलं, की मी हात जोडते ते आधी धोंडूला. त्याचं माझ्यावरचं ऋण फिटणारं नाही, आणि मला ते फेडायचंही नाही.