अडीच फूट

घरापासून गोठ्यापर्यंतची वायर बांबूवरून लोंबत होती. गुरांच्या कुटाराची, म्हणजे वाळल्या चाऱ्याची ट्रॉली आत यायची तेव्हा कोणीतरी काठीने ती उचलून धरायचं. शेवटी बाबांनी वायर जमिनीतून न्यायचं ठरवलं. वायरमनने समजावलं होतं: अडीच फूट नाली, तळाला रेती, त्यावर पाइप, पुन्हा रेती, मग विटांची ओळ आणि वर माती. पुढे कोणी खणलंच तर आधी वीट लागेल आणि हात थांबेल.

मी तेव्हा कॉलेज संपवून घरी बसलेला, म्हणजे शहाणपणाने तुडुंब. बाबा बहिणीच्या सोयरिकीसाठी वडनेर भोलजीला गेले, त्या दिवशी नाली मी खणली. फूटभर काळी माती निघाली आणि खाली कडक मुरूम लागला. हाताला फोड आले. मी तिथेच पाइप टाकला आणि बुजवला. विटा लावायचाही कंटाळा आला. त्या गोठ्यामागच्या ढिगात टाकून दिल्या.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "अडीच फूट झाली?"

"हाव," मी म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या वर्षी बहिणीचं लग्न निघालं. मांडवाची पहिली मेढ मुहूर्तावर रोवायची असते. बाबांनी अंगणात जागा दाखवली ती नेमकी पाइपावर.

"जरा सरकवू," मी म्हटलं.

"काऊन? वायर तं अडीच फूट खाली हाये. मेढीले दीड फूट पुरते."

मी गुपचूप आत जाऊन मेन स्विच पाडला. लाउडस्पीकर बंद पडला. "लाइट गेली काय बे?" म्हणत काका आत शिरले आणि त्यांनी स्विच वर केला. गाणं पुन्हा सुरू झालं तेव्हा बाबांनी खड्डा खणायला लोखंडी सब्बल उचलली होती.

मी त्या जागेवर जाऊन उभा राहिलो. "बाबा, फूटभरच खाली हाये. इटाही नाहीत."

सगळे पाहुणे बघत होते. बाबांच्या जिवाच्या आधी मला माझी लाज आठवली, हे लिहायला अजून जड जातं.

बाबा रागावले नाहीत. मेन बंद करायला लावून त्यांनी खुरप्याने माती काढली, पाइप पाहिला आणि माती परत लोटली. मेढ तीन हात पलीकडे रोवली. लग्न व्यवस्थित पार पडलं.

आता मी कुठलंही काम झालं म्हणून सांगितलं, की बाबा "बरं" म्हणतात आणि उठून स्वतः बघून येतात.