डॉक्टरांच्या गाडीच्या सीटा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पळस्प्याजवळ, गोवा रोडला आमचं कुशनचं दुकान होतं. ट्रकच्या, जीपच्या सीटा शिवायचो. हे कापायचे, मी मशीनवर. सगळं रेक्झिनचंच काम. चुकलं तर दुसरा तुकडा घ्यायचा.

एकदा पनवेलातले एक निवृत्त डॉक्टर त्यांची जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आले. विलायती, दोनच माणसांची. लाल चामड्याच्या सीटांचे टाके कुजले होते, आतला स्पंज पिठासारखा गळत होता.

"आतलं सगळं बदला," डॉक्टर म्हणाले, "पण चामडं हेच ठेवा. असं आता मिळणार नाही."

यांनी हो म्हटलं आणि मी यांच्या हाताकडे पाहिलं. काही महिन्यांपासून यांचा उजवा हात थरथरत होता. विचारलं की म्हणायचे, "कात्री चालवून हात भरून येतो, दुसरं काय?" मीही स्वतःला तेच सांगत होते.

जुने टाके ब्लेडने उसवायचे आणि पुन्हा त्याच भोकांतून शिवायचं, असं काम होतं. नवी भोकं पाडली तर चामडं फाटलं असतं. हे ओणवे होऊन उसवत होते. माझी नजर ब्लेडच्या टोकावरून हलेना.

"अहो, मी करते का?"

"तू बघतेस म्हणून हात हलतो. तिकडे बघ."

मी मशीनकडे तोंड फिरवलं आणि मागून चर्रकन आवाज आला. सीटच्या पाठीच्या चामड्यावर बोटभर चीर पडली होती. यांनी ब्लेड खाली ठेवलं. उजवा हात मांडीखाली दाबून बसले. चामड्याचं मला काहीच वाटलं नाही. त्या दाबलेल्या हाताची भीती वाटली.

डॉक्टर काम बघायला आले, तेव्हा यांनीच आपणहून सांगितलं, "साहेब, माझ्याकडून कापलं गेलं."

आता आरडाओरडा होणार म्हणून मी पदर घट्ट धरला. डॉक्टरांनी चीर पाहिली, मग यांचा हात. हाताकडे पाहतच राहिले.

"अंगठा आणि बोट भरभर जुळवून दाखवा बघू."

यांचं बोट थोडं हललं आणि मंदावलं.

"आता रस्त्यापर्यंत जाऊन या."

हे चालू लागले. डावा हात पावलांबरोबर हलत होता, उजवा अंगाला चिकटून राहिला होता. रोज शेजारून चालूनही मला ते कधी दिसलं नव्हतं.

"वहिनी, यांना मुंबईला दाखवू. मी येतो सोबत," डॉक्टर हळूच म्हणाले. "मला कंपवात वाटतोय."

"बरा होतो ना?"

"औषधानं आटोक्यात राहतो."

मी विचारलेल्याचं ते उत्तर नव्हतं, हे मला तिथेच कळलं.

मुंबईतही तेच सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. सीटा उसवलेल्या तशाच पडल्या होत्या. हे म्हणाले, "तू शिव. हातानं."

सीटच्या खालून, न दिसणाऱ्या जागेचं चामडं काढून मी चिरेला आतून ठिगळ लावलं. हे शेजारी बसून सांगायचे, "सुई ढकलू नकोस, तिला भोक सापडू दे." टाका ओढताना मी मध्येच थांबायचे. चामडं फाटलं तर काय, यापेक्षा यांचं पुढे काय, याच विचाराने.

चीर निरखून पाहिली तर दिसायची. डॉक्टरांनी तिच्यावरून बोट फिरवलं. "चांगलं झालंय," म्हणाले, आणि यांना शेजारी बसवून कर्नाळ्यापर्यंत चक्कर मारायला घेऊन गेले. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. ट्रकमागून ट्रक जात होते, लाल गाडी काही दिसेना. हे दुकानात नसतील तेव्हा असंच असेल, असं मनात आलं.

गाडी आली. यांचे केस विस्कटले होते, आणि हे हसत होते.

त्यानंतर कापायचं काम मी घेतलं. सकाळी हे चहाचा कप उचलायचे, तेव्हा मी पाठमोरी राहून, कप खाली टेकल्याचा आवाज येईपर्यंत श्वास रोखून असायचे.